कालव्याकाठची संध्याकाळ : पहिल्या फेरीसाठी सल्ला

इंग्लंडात मित्रासोबत कालव्याकाठची ही आपली पहिलीच संध्याकाळ असेल, तर ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपासून एव्हनक्लिफपर्यंतचा, 1810 साली खुला झालेल्या केनेट अँड एव्हन कालव्याचा काठ निवडावा. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर असून वाट सपाट आहे, कारण पूर्वी याच वाटेने घोडे दोरखंडाने मालाच्या नावा ओढत नेत असत. पायाखाली मात्र लक्ष असू द्यावे, कारण मुक्कामाला थांबलेल्या नावांचे दोर काठावरच्या लोखंडी खुंट्यांना बांधलेले असतात आणि तिन्हीसांजेला ते दिसत नाहीत (मी एकदा सपशेल आपटलो आहे). एव्हनक्लिफला अभियंता जॉन रेनीच्या दगडी पुलावरून अख्खा कालवाच एव्हन नदी ओलांडतो. त्याची मधली कमान किंचित खचलेली आहे, ती थांबून पाहावी.

पुलाच्या पायथ्याशी ‘क्रॉस गन्स’ हा पब आहे. खेड्यातल्या पबात वेटरची वाट पाहत बसू नये, काउंटरवर जाऊन मागावे. पहिल्या पेल्यांचे पैसे मित्राने दिले, तर दुसऱ्या पेल्यांचे आपण द्यावेत. स्वयंपाकघर बहुधा लवकर बंद होते, म्हणून जेवण आधी सांगावे. परतीसाठी पुलापलीकडे स्टेशन आहे, परंतु तेथे फलाटावरून हात दाखवल्याशिवाय गाडी थांबत नाही.