कुपी रिकामी नाही

प्रश्न : मी सांगलीतील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करत आहे. प्रकल्पासाठी मागवलेल्या ‘रिकॉम्बिनंट मानवी इंटरल्यूकिन-२’ या (म्हणजे जनुक दुसऱ्या सजीवात घालून बनवलेल्या) प्रथिनाच्या कुपीवर १० मायक्रोग्रॅम असे लिहिले आहे, परंतु आत काहीच दिसत नाही. कुपी परत पाठवावी का? शिवाय हे प्रथिन ई. कोलाय जिवाणूंत तयार केलेले असताना त्याला मानवी का म्हणतात?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : कुपी परत पाठवू नका आणि उघडण्याचीही घाई करू नका. १० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग. जिथे हळदीचे सौदे क्विंटलवर होतात त्या गावात एवढ्या वजनाचा अंदाज येणे अवघडच. गोठवून सुकवलेले हे प्रथिन काचेवर विरळ थरासारखे बसते, किंवा वाहतुकीतल्या हादऱ्यांनी बुचाला चिकटते. म्हणून कुपी उघडण्यापूर्वी काही क्षण सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पदार्थ तळाशी आणणाऱ्या यंत्रात) फिरवावी, सोबतच्या माहितीपत्रकात सांगितलेल्या द्रवातच प्रथिन विरघळवावे आणि जोराने हलवू नये, कारण फेस झाला की प्रथिनाची घडी बिघडू शकते. द्रावण फार सौम्य केले, तर बरेचसे रेणू प्लॅस्टिकला चिकटून राहतात. ते टाळण्यासाठी त्यात ०.१ टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातील एक प्रथिन) घालण्याची पद्धत आहे. द्रावणाचे लहान भाग करून ते उणे २० किंवा शक्यतो उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावेत. एकच नळी दर आठवड्याला वितळवून पुन्हा गोठवायची आणि मग मालाला दोष द्यायचा, हा प्रकार प्रयोगशाळांना नवा नाही.

‘मानवी’ हे विशेषण जनुकाला उद्देशून आहे. टी-पेशींची (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची) वाढ घडवणारा घटक म्हणून १९७६ मध्ये प्रथम वर्णिलेल्या या प्रथिनाचे मानवी जनुक १९८३ मध्ये जपानमधील तादात्सुगु तानिगुची यांच्या गटाने वेगळे केले, आणि त्यानंतर ते जिवाणूंत घालून १३३ अमिनो आम्लांची तीच साखळी मुबलक मिळवणे शक्य झाले. मानवी पेशी या साखळीतील तिसऱ्या स्थानावरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लाला शर्करा जोडतात, जिवाणू जोडत नाहीत. तरीही टी-पेशींवरील परिणाम कायम राहतो. मात्र काही उत्पादनांत १२५व्या स्थानावरचे सिस्टीन काढून सेरीन बसवलेले असते, ते पत्रकात पाहून प्रबंधात नोंदवा.

जिवाणूंमुळे येणारी खरी अडचण एन्डोटॉक्सिनची आहे. ई. कोलायच्या बाह्य आवरणातील हा घटक शुद्धीकरणानंतरही अल्प प्रमाणात उरू शकतो आणि रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना स्वतंत्रपणे चेतवतो, त्यामुळे दिसणारा प्रतिसाद इंटरल्यूकिनचा की एन्डोटॉक्सिनचा, हे सांगता येत नाही. तुम्ही रक्तातील पेशींचे मिश्रण वापरणार असाल, तर एन्डोटॉक्सिनला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन-बी घातलेला एक नमुना पहिल्या दिवसापासून सोबत चालवा.