सोडायची घाई

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्यांदा राग आला. चार पानांत तू एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आहेस: तारेच्या फासातून काढलेल्या त्या बिबट्याला पिंजऱ्यात ठेवण्याऐवजी मी त्याच संध्याकाळी सोडलं असतं, तर तो निदान जंगलात मेला असता ना?

हो, जंगलात मेला असता. मेला मात्र असताच. तुला दिसला नसता, एवढाच काय तो फरक. आणि तू आज मला हे पत्र लिहिण्याऐवजी टाळ्यांचा व्हिडिओ पाठवला असतास.

प्राण्यांवरचं प्रेम, सेवाभाव वगैरे मी लिहीत बसणार नाही. ते तुझ्याकडे नसतं तर शिरवळहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन तू पुण्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना थाटला असतास, काजूच्या बागेत चिखलात गुडघे टेकले नसतेस. मला बोलायचंय ते घाईबद्दल. तार कापली म्हणजे जनावर सुटलं नाही. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

फासकी कमरेला का बसते हे तू पाहिलंस. मोटरसायकलच्या क्लचवायरचा फास, गडग्याच्या खिंडारात नाहीतर कुंपणाच्या भोकात लावलेला, रानडुकरासाठी. बिबट्याचं डोकं आणि पुढचे पाय त्यातून निघून जातात आणि फास कमरेला आवळतो. मग तो रात्रभर उड्या मारतो. बाहेरची जखम बोटभर दिसते, सगळी पडझड आत होते. स्नायू फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात जाऊन अडकतं, लघवी काळपट होते. आवळलेल्या भागात साठलेलं पोटॅशियम तार सैल होताच एकदम रक्तात येतं. कधी हृदय तिथल्या तिथे थांबतं, कधी जनावर उठून पळतं आणि तीन-चार दिवसांनी मरतं. हे तू पुस्तकात 'कॅप्चर मायोपॅथी' या नावाने वाचलं आहेस. मीही वाचलं होतं. वाचून काय झालं ते ऐक.

माझ्या नोकरीचं सहावं वर्ष. राजापूर तालुक्यात एका वाडीच्या वर, जांभ्याच्या खाणीशेजारी मादी अडकली होती. मी पोचलो तेव्हा तीनएकशे माणसं जमलेली, पोरं झाडांवर चढलेली. भूल दिली, तार कापली, जखम धुतली, अँटिबायोटिक टोचलं. ताडपत्रीवर तिने लघवी केली. कोऱ्या चहासारखी. मी पाहिली. पोरी, मी ती नीट पाहिली, आणि माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की ताडपत्री धुवायला हवी.

साहेब म्हणाले, "अंधार पडायच्या आत उरका." माणसं म्हणत होती, "डॉक्टरांनु, सोडा ओ तेका." मी सोडलं. ती दोनदा धडपडली, मग करवंदीच्या जाळीत शिरली. माणसांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. आठव्या दिवशी गुराख्याला पऱ्याच्या काठी वास आला. तोवर शवविच्छेदन करण्यासारखं काही उरलं नव्हतं, दात आणि नखं शाबूत असल्याचं तेवढं कागदावर लिहिलं. सुटकेची बातमी छापून आली होती. पऱ्याकाठची आली नाही. तो हार घरी आठवडाभर खुंटीला लोंबत होता.

तेव्हापासून मी हटवादी झालो. फासकीतून काढलेलं जनावर मी त्याच दिवशी सोडत नाही, कुणी कितीही आरडाओरडा केला तरी. निदान तीन दिवस नजरेखाली. खातं का, पाणी पितं का, लघवीचा रंग काय, मागचे पाय सारखे पडतात का. या हट्टापायी दोन बदल्या झाल्या. 'डॉक्टर पिंजऱ्याच्या प्रेमात आहेत' असं माझ्या तोंडावर म्हणून झालं. म्हणोत. तार कापली म्हणजे जनावर सुटलं नाही.

तू ठेवलंस, म्हणून तुला कळलं तरी. दुसऱ्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन चढलं, म्हणजे मूत्रपिंडं थकली, तिसऱ्या दिवशी त्याने पाणीही सोडलं, आणि शवविच्छेदनात मांडीच्या स्नायूंत उकडलेल्या मांसासारखे फिके पट्टे मिळाले. हे सगळं तूच लिहिलं आहेस आणि खाली विचारतेस, 'माझं काय चुकलं?' वेळ चुकली. तुला फोन आला तो फास बसल्यानंतर दहा-बारा तासांनी. बागवाल्याने पहाटे पाहिलं आणि भीतीने दुपारपर्यंत कुणाला सांगितलं नाही. ते तुझ्या हातात नव्हतं. तुझ्या हातात होतं त्यात मात्र दोन गोष्टी राहिल्या, आणि त्या मी तुझी समजूत काढायच्या नादात गाळणार नाही.

पहिली. तू आधी तार कापलीस आणि मग सलाईन लावलंस. उलट कर. भूल बसली, डोळ्यांत मलम घातलं, फडकं बांधलं, की पुढच्या पायाची शीर धर (मागच्या पायांत रक्तच नीट फिरत नसतं), रिंगर लॅक्टेट चालू कर, आणि मग कटर मागव. सगळे ओरडतील, "अहो, आधी मोकळं करा!" ओरडू देत.

दुसरी. डार्ट मारून सहा मिनिटांत तू पुन्हा भूल भरलीस. खवळलेल्या जनावरावर झायलाझिन हे भुलीचं औषध उशिरा चढतं, त्यातून भोवती दोनशे माणसांचा गलका. वीस मिनिटं थांबायचं. त्या वेळात माणसं मागे हटवायची, वनरक्षकाला घसा फोडू द्यायचा. आपण मधल्या वेळात तार कुठे बांधली आहे ते बघायचं, कारण खुंट कुजका असला तर पुढचा पंचनामा आपलाच.

आणि तार कापताना गाठ वगळून काप! हे तुला कुणी शिकवलेलं दिसत नाही. फासाची गाठ प्रत्येकाच्या हाताची वेगळी असते. कटर गाठीपासून लांब चालव आणि गाठ तशीच वनखात्याच्या ताब्यात दे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं हीसुद्धा शिकारच आहे, आणि बिबट्या पहिल्या परिशिष्टात असल्याने तीन ते सात वर्षांची कैद आहे. 'डुकरासाठी लावली होती' हे ज्याचं त्याने कोर्टात सांगावं. मला त्या माणसाचा राग येत नाही असं नाही, पण नाचणीचं शेत एका रात्रीत नांगरल्यासारखं झालेलंही मी पाहिलंय. फासकी लावणाराच कळशी घेऊन धावत येतो, हेही पाहिलंय. त्याचा न्याय करणं आपलं काम नाही. गाठ जपणं आहे.

घाईचा हा रोग बिबट्यापुरता नाही. पावसाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं जाळ्यांच्या गुंडाळ्यांत अडकून किनाऱ्याला लागतात, एखाद्याचा वल्ह्यासारखा पाय खांद्यापर्यंत कापलेला असतो. लोक प्रेमाने उचलतात आणि लाटेत ढकलतात. पुन्हा टाळ्या. पोटात वायू धरलेलं किंवा फुप्फुस सुजलेलं कासव बुडी मारू शकत नाही, ते तरंगत राहतं आणि पुढच्या गावच्या पुळणीवर येऊन मरतं. अंडी घालायला आलेल्या मादीच्या वाटेत कुणी येऊ नये, ते वेगळं. पण जखमी कासवाला सावली, ओलं फडकं आणि डहाणूच्या उपचार केंद्रासारख्या ठिकाणी नेणारी गाडी लागते. समुद्र त्याला नंतर भेटेल.

आता तू म्हणशील, सर, मग खवले मांजराचं काय? तुझ्या वर्गात मी ते एकदा सांगून बसलोय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. चिपळूणच्या बाजूचं होतं, पाय सापळ्यात चिरडलेला. नखांच्याच केराटिनची ती खवलं, आणि त्यांच्यासाठी बिळात धूर भरून ओढून काढतात या गरीब जिवाला. मी ते माझ्या नियमाने ठेवलं. तीन दिवसांचे अकरा झाले. जखम सुंदर भरत होती, पण त्याने खाल्लंच नाही. वारुळं खणून आणली, मुंग्यांची अंडी आणली, रात्री दिवा मालवून बाहेर बसलो. अकराव्या रात्री ते वेटोळं करून झोपलं आणि तसंच राहिलं. पोट उघडलं तर आत व्रणच व्रण होते, कोंडल्याच्या ताणाचे. तिथे माझा नियम हरला. तरी मी सोडलं असतं तर त्या पायाने ते वारूळ खणू शकलं नसतं, हे मी आजही म्हणतो. बायको म्हणते, हे तू तिला सांगतोस की स्वतःला? तिला उत्तर दिलेलं नाही.

म्हणून खवले मांजराला कमीत कमी हात, कमीत कमी दिवस. बिबट्याला मात्र थांबव. या दोन्हींत विरोध दिसत असेल तर दिसू दे. जनावर बघून ठरवायचं, माणसं बघून नाही.

पुण्याच्या नोकरीबद्दल तू शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलं आहेस. जा की. पगार चांगला आहे, रात्री दोनला फोन येणार नाहीत, तुझी आई निवांत झोपेल. पण हा बिबट्या मेला म्हणून जाणार असशील तर मला ते चालणार नाही. या धंद्यात निम्मी जनावरं मरणारच या हिशोबाने हात चालवावा लागतो, आणि तुझा हात बरा आहे. माझा त्या वयात इतका बरा नव्हता.

पुढच्या रविवारी ये. काकू घावणे करणार आहेत. तार आणू नकोस, ती मुद्देमालात जमा असेल. तुझी भुलीची नोंदवही आण. पत्रासोबत पाठवलेल्या पानावर दर पाच मिनिटांनी तापमान लिहिलं आहेस, ते फार आवडलं. फक्त तिसरा आकडा पाण्याने पसरलाय. तो 104 आहे की 101? 104 असेल तर बर्फ किती वाजता आला, तेही आठवून ठेव.

तुझा,
सर