होरेस किंगने पूल बांधले, पण आराखडा टाउनचा होता. मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय ठेकेदारावर तुम्हाला पाच मिनिटं बोलायचंय, आणि तुम्ही विचारताय की त्याने "फक्त बांधलं" तर त्यात मोठेपण कसलं. त्या 'फक्त'साठी हे उत्तर.

अमेरिकन वास्तुकार इथिएल टाउनने 1820 साली जाळीच्या कैचीचं, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचं, पेटंट घेतलं, हे मान्य. तिरप्या फळ्या एकमेकींना छेदत जातात, वर-खाली लांब तुळया, आणि प्रत्येक छेदावर लाकडी खुंट्या. चित्र दहा मिनिटांत समजतं. आता जॉर्जियात वुडबरीजवळचा रेड ओक क्रीकवरचा पूल बघा. किंगने 1840 च्या दशकात बांधला, आजही उभा आहे. दोन्ही टोकांच्या पोचमार्गासकट 391 फूट, आणि खुंट्या सुमारे 2,500.

खरं काम त्या खुंट्यांच्या भोकांत आहे. तुळईपाशी जाळीच्या फळ्या आणि दोन्ही अंगांनी तुळईच्या फळ्या, असे बरेच थर एकाच भोकात येतात. गिरमिट जरा कललं की पलीकडच्या फळीत भोक काठाकडे सरकतं, आणि भार आला की फळी तिथूनच चिरते. भोक सैल पडलं तर सांध्यात केसभर ढिलाई राहते. अशा शेकडो सांध्यांची ढिलाई साठली की पूल मधोमध पोट सोडतो. म्हणून बांधतानाच मध्याला थोडी उचल द्यायची. खालचे टेकू काढल्यावर पूल किती बसेल, ते आधीच हिशोबात धरायचं. खुंटी वाळलेल्या कठीण लाकडाची हवी. ओली ठोकली तर आकसते आणि भोकात हलायला लागते. तुळईच्या फळ्यांचे जोड एकाच जागी आले तर पूल तिथेच मोडणार, ते पुढेमागेच घ्यावे लागतात. जाळी पातळ असल्यामुळे बाजूला कलायला बघते, तिला वर-खाली आडवे-तिरपे आधार लागतात. आणि छप्पर वाटसरूंसाठी नसतं. दोन फळ्यांच्या मध्ये पाणी मुरलं की सांधा आतून सडतो, त्यासाठी ते असतं.

यातलं काहीही चित्र पाहून येत नाही. 'डोकं आराखडा काढणाऱ्याचं, ठेकेदार म्हणजे माणसं पुरवणारा' असं म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे, आणि माझ्या मते किंग हेच त्यांना उत्तर आहे.

किंग 1807 साली दक्षिण कॅरोलिनात गुलाम म्हणून जन्मला. त्याचा मालक जॉन गॉडविन हाही पूल बांधणारा. 1832 मध्ये दोघांनी चॅटाहूची नदीवर जॉर्जियातल्या कोलंबस शहराचा पूल बांधायला घेतला; 1841 च्या पुरात तो वाहून गेला, त्यांनी तो परत उभा केला. 1846 साली अलाबामाच्या विधिमंडळाने किंगसाठी खास कायदा करून त्याला गुलामीतून मोकळं केलं. पुढे अलाबामाची राजधानी माँटगोमेरी, तिथल्या विधानभवनातले गोल जिने त्याने केले. पुलाचीच विद्या तिथे वापरली: आधाराच्या तुळया एका टोकाला पक्क्या बसवल्या, त्यामुळे जिना हवेत तरंगल्यासारखा दिसतो. ज्या विधिमंडळाने त्याला मोकळं केलं, तिथेच तो 1868 पासून सदस्य म्हणून बसला. 1885 मध्ये जॉर्जियातल्या लाग्रेंजला तो वारला.

गॉडविन वारल्यावर किंगने त्याच्या कबरीवर दगड बसवला, ही गोष्ट सगळे सांगतात. भाषणाची सुरुवात तिथून करू नका. ऐकणाऱ्यांच्या मनात मालकाचा चांगुलपणा राहतो आणि किंगची कारागिरी बाजूला पडते. खुंट्यांपासून सुरू करा. जमलं तर फळीचे दोन तुकडे आणि एक खुंटी सोबत न्या, आणि लोकांसमोर ठोकून दाखवा.

टाउनला कमी लेखत नाही. मोठे ओंडके लागत नाहीत, साध्या सुताराला जमतं, हा त्याचा विचार पक्का होता. आणि किंगच्या हाताखाली राबलेल्या गुलाम कामगारांचा उल्लेख टाळू नका. किंगचं नाव तरी उरलं; त्यांच्यातल्या बहुतेकांचं कुठेच नाही.

विद्या मुलांकडे गेली. जॉर्जियातला वॉटसन मिलचा 229 फुटांचा पूल मुलगा वॉशिंग्टन किंगने 1885 मध्येच बांधला, तोही जाळीचाच. कोणी तिकडे राहत असेल तर आत उभं राहून खुंट्यांच्या टोकांचा जवळून फोटो काढून पाठवायला सांगा, भाषणात दाखवता येईल.