पगाराचा आकडा नंतर, आधी कोड आणि गाव बघ

वाळूजच्या एका मित्राने विचारलंय. आयटीआय टर्नर, सात वर्षं सीएनसी लेथवर काढलेली. पुण्याच्या एजंटकडून हातात ऑफर लेटर आलंय: कॅनडात किचनरजवळचा कारखाना, मशीन ऑपरेटर, तासाला 24 डॉलर, आठवड्याला 40 तास, दोन वर्षांचं वर्क परमिट. एजंटला 12 लाख द्यायचे आहेत. प्रश्न एवढाच की, "दादा, 24 डॉलर हा रेट बरोबर आहे का? तो सरकार ठरवतं की मालक?"

तू मला दादा म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरे करतो. मी भोसरीत नऊ वर्षं व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) आणि लेथवर काम केलं आणि मार्च 2023 मध्ये ऑन्टारिओत आलो. जे कळलंय ते इथे येऊन, पैसे आणि वर्षं घालवून कळलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. परदेशी कामगार आणायचा तर मालकाला केंद्र सरकारच्या श्रम खात्याकडून एलएमआयए नावाची मंजुरी काढावी लागते. त्या मंजुरीची मुख्य अट अशी की बाहेरून आणलेल्या माणसाला त्या भागात त्या कामाचा जो चालू दर आहे, त्यापेक्षा कमी द्यायचं नाही. यालाच प्रिव्हेलिंग वेज म्हणतात. आपल्याकडच्या किमान वेतनासारखा सगळ्यांना सरसकट एकच आकडा, असं ते नाही. ऑन्टारिओचं किमान वेतन 1 ऑक्टोबर 2025 पासून 17.60 डॉलर आहे, पण एलएमआयएवर आलेल्या ऑपरेटरला तेवढ्यावर ठेवता येत नाही.

चालू दर कसा निघतो ते नीट समजून घे. दोन आकडे काढायचे आणि त्यातला जो मोठा तो धरायचा. पहिला आकडा सरकारी जॉब बँक या साइटवरचा त्या कामाचा, त्या भागाचा मध्य दर. म्हणजे तिथल्या त्या कामाच्या शंभर माणसांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याला जेवढा मिळतो तेवढा. दुसरा आकडा त्याच कारखान्यात, तेच काम, तेवढ्याच कौशल्याने आणि तेवढ्याच अनुभवाने करणाऱ्या जुन्या माणसांना मिळणारा दर. कारखान्यात युनियन असेल तर करारातला दर लागतो. आणि दर म्हणजे हमखास मिळणारा दर. ओव्हरटाइम, बोनस, जेवण, राहणं असलं काही त्यात धरता येत नाही. "24 डॉलर, ओव्हरटाइम धरून 30 पडतात" असं कोणी सांगितलं तर त्यातले फक्त 24 खरे धर.

अमेरिकेत हेच चार पायऱ्यांत आहे. तिथे कामाला लागणारा अनुभव आणि जबाबदारी बघून पहिली ते चौथी पायरी ठरते. कॅनडात जॉब बँकेचा आकडा एकच. सात वर्षांचा अनुभव असलेला तू आणि कालचा शिकाऊ, दोघांना पहिल्या हिशोबात एकच मध्य दर. तुझा अनुभव फक्त दुसऱ्या हिशोबात धरला जातो, आणि तो हिशोब कागदावर येतो तो मालकाच्या हातून. म्हणूनच सगळं वजन एका गोष्टीवर येऊन पडतं: तुझं काम कोणत्या कोडखाली दाखवलंय.

इथे प्रत्येक कामाला पाच आकडी एनओसी कोड असतो. (हा एनओसी म्हणजे आपला ना-हरकत दाखला नव्हे.) मशीनवर धातूकाम करणारा ऑपरेटर 94106 मध्ये येतो. मशिनिस्ट, म्हणजे ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करणारा, मापं धरणारा, 72100 मध्ये येतो. प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांचा 94111. कोडचा दुसरा आकडा कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची श्रेणी सांगतो. 94106 चौथ्या श्रेणीत, 72100 दुसऱ्या. वाळूजला आपण दोघांनाही सर्रास ऑपरेटरच म्हणतो. इथे त्या एका शब्दात पगार बदलतो, परमिटची मुदत बदलते आणि पुढे कायम राहता येईल की नाही तेही बदलतं.

माझं काय झालं ते सांगतो. माझ्या करारात 94106 होता, तासाला 23 डॉलर. मी खूश होतो, भोसरीत महिन्याला 26 हजार घेत होतो. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरने ड्रॉइंग हातात दिलं, सगळी मापं इंचात. जॉज (पीस पकडणारे जबडे) बदलणं, टूल लावणं, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घालणं, पहिला पीस काढून मायक्रोमीटरने तपासणं, प्रोग्राममध्ये फीड कमी-जास्त करणं, सगळं मीच करायचो. हे सेटरचं काम आहे, बटण दाबणाऱ्याचं नाही. पण मला त्याचा अभिमानच वाटायचा, की आपल्यावर विश्वास टाकतात.

मग एका दुपारी जेवणाच्या टेबलावर बाजूच्या मशीनवरच्या मुलाने आपली पे-स्टब (पगाराची स्लिप) उघडी ठेवली. इथलाच मुलगा, माझ्यानंतर चार महिन्यांनी लागलेला, सेटिंग अडलं की मला बोलवायचा. त्याच्या स्टबवर रेट होता 27.50. मी माझी स्टब फोनवर काढून पाहिली. 23.00. दोन आकडे शेजारी शेजारी. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, तुझ्या कागदावर ऑपरेटर आहे, त्याच्या कागदावर मशिनिस्ट. म्हणजे काम एकच, कागद दोन. हे नियमात बसत नाही, हे मला आज माहीत आहे. तेव्हा तक्रार करायला धजलो नाही, कारण परमिट त्याच मालकाच्या नावावर होतं आणि घरी हप्ते चालू होते. चौदा महिने काढले. मग दुसऱ्या एका छोट्या वर्कशॉपने मला 72100 खाली, 31 डॉलरवर नवीन एलएमआयए काढून दिला.

पैशाचं नुकसान एकवेळ सोड. जास्त लागलं ते वेगळंच. कॅनेडियन अनुभवावर कायम निवासासाठी अर्ज करायचा तर गेल्या तीन वर्षांत किमान एक वर्षाचं काम शून्य ते तीन या श्रेणीतलं लागतं. पहिल्या कंपनीने अनुभवाचं पत्र ऑपरेटर म्हणूनच दिलं, म्हणजे चौथी श्रेणी. ते चौदा महिने माझ्या आयुष्यात आहेत, अर्जात नाहीत. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, आता चौथी संपत आली.

आता तुझं लेटर. त्यात तीन गोष्टी एकमेकींना धरून नाहीत. पगार एका ठरावीक रेषेच्या खाली असेल तर एलएमआयए लो-वेज प्रकारात जातो. नोव्हेंबर 2024 पासून ही रेषा प्रांताच्या मध्य वेतनापेक्षा 20 टक्के वर नेली आहे, आणि ऑन्टारिओत 27 जून 2025 पासून ती तासाला 36 डॉलर आहे. तुझे 24 त्याच्या खूप खाली, म्हणजे तू लो-वेज. लो-वेजचं परमिट सप्टेंबर 2024 च्या बदलानंतर जास्तीत जास्त एक वर्षाचं मिळतं. मग दोन वर्षं आली कुठून? आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ज्या शहरी पट्ट्यात बेकारी 6 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिथले लो-वेज अर्ज सरकार 26 सप्टेंबर 2024 पासून हातातच घेत नाही. ही यादी दर तीन महिन्यांनी बदलते. किचनर-केंब्रिज-वॉटर्लू त्या यादीत होतं, विंडसर होतं, टोरांटो होतं. शेती, अन्नप्रक्रिया, बांधकाम, आरोग्य अशा काही धंद्यांना सूट आहे. धातूच्या वर्कशॉपला नाही.

म्हणजे 24 डॉलर, किचनर आणि दोन वर्षं हे तिन्ही खरे असूच शकत नाहीत. एकतर एलएमआयए निघालेलाच नाही, किंवा कोणीतरी दोन वर्षांपूर्वीचं लेटर घेऊन नावं बदलली आहेत. माझं मत विचारशील तर पहिलंच.

"मग मालकाने 36 दाखवले तर?" हा प्रश्न तुझ्या मनात येणार. तेव्हा हाय-वेज प्रकार होतो, बेकारीची अट लागत नाही, परमिट तीन वर्षांपर्यंत मिळू शकतं. चांगल्या मशिनिस्टला 36 देणारे कारखाने आहेत. पण याच रेषेमुळे एक घाण धंदाही चालतो. बँकेत 36 प्रमाणे पगार टाकायचा आणि दर पंधरवड्याला फरक रोखीत परत मागायचा. किंवा करारात 40 तास लिहायचे आणि प्रत्यक्षात 25 द्यायचे. असा प्रस्ताव आला तर "थोडे दिवस सहन करू" म्हणू नकोस. रोखीने परत दिलेल्या पैशाचा पुरावा तुझ्याकडे राहत नाही, कर मात्र पूर्ण 36 वर तू भरलेला असतोस.

12 लाखांबद्दल स्पष्ट लिहितो. एलएमआयएची सरकारी फी जागेमागे 1,000 डॉलर आहे. ती मालकाने भरायची असते आणि कामगाराकडून वसूल करता येत नाही. नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घेणं इथे बेकायदा आहे. ऑन्टारिओत त्यासाठी 2009 चा वेगळा कायदा आहे, त्यात पासपोर्ट काढून घेण्यालाही मनाई आहे. भारतात नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपास. तुझ्या खिशातून कायद्याने जाणारे पैसे म्हणजे वर्क परमिटचे 155 डॉलर, बायोमेट्रिक्सचे 85, मेडिकल, आणि अर्ज भरायला सल्लागार घेतलास तर त्याची फी. लो-वेजमध्ये तर येण्याजाण्याचं भाडंही मालकाकडे असतं, आणि परवडणारं घर मिळेल याची खात्री त्यानेच करायची असते.

एजंटकडे आता एकच गोष्ट माग: एलएमआयएच्या निर्णयपत्राची प्रत, जोडपत्रासकट. वर्क परमिटच्या अर्जाला ती तशीही लागते, त्यामुळे "गोपनीय आहे" हे कारण चालत नाही. त्यात कोड असतो, पगार असतो, कामाचं ठिकाण असतं. कोड आणि ठिकाण जॉब बँकेवर टाक, मध्य दर समोर येईल. पगार त्याच्या खाली असेल तर तिथेच थांब. बरोबर असेल तर कामाचं वर्णन वाच आणि स्वतःला विचार, मी वाळूजला रोज जे करतो ते हेच आहे का? सेटिंग, ऑफसेट, ड्रॉइंग, तपासणी हे शब्द कामात असतील आणि कोड 94106 असेल, तर मालकाला सही करण्याआधी लेखी विचार. सही झाल्यावर विचारायला जीभ उचलत नाही, हे मी अनुभवलंय.

इथे कामाच्या पहिल्या दिवशी किंवा त्याआधी सही केलेल्या कराराची प्रत मालकाने द्यायची असते. ती घे, फोटो काढून घरी पाठव. प्रत्येक पे-स्टब जपून ठेव. ऑन्टारिओत आठवड्याला 44 तासांच्या वर दीडपट मिळतात, ते स्टबवर वेगळे दिसले पाहिजेत. 2024 पासून मालकाने दर वर्षाच्या सुरुवातीला चालू दर पुन्हा बघून पगार सुधारायचा असतो, तेव्हा जानेवारीची स्टब डिसेंबरच्या स्टबशेजारी ठेवून बघ. आणि मालक छळतच असेल तर 2019 पासून असुरक्षित कामगारांसाठी ओपन वर्क परमिट आहे. पुरावा असेल तर त्यावर दुसरीकडे काम करता येतं. मला हे माहीत असतं तर ते चौदा महिने पाचवर आले असते.

24 डॉलर म्हणजे हातात किती, हेही तुझ्या मनात असेल. 40 तासांनी वर्षाला 49,920 डॉलर होतात. त्यातून साधारण पाचवा हिस्सा कर, पेन्शन आणि बेकारी विम्यात जातो. उरलेल्यातून भाडं, गाडी आणि थंडीचे कपडे.

एजंटला अजून काही दिलं नसशील तर देऊ नकोस. दिलं असशील तर पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, सगळं वेगळं काढून ठेव. निर्णयपत्र आलं की पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख झाकून मला पाठव. मी सेकंड शिफ्टला असतो, तुझ्या सकाळी अकरानंतर फोन केलास तर मी घरी पोचलेला असेन.