वाचकांचे प्रश्न : दोन अँटिव्हायरस बरे की एक?

प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ आहे. त्यात सुरक्षेचं काहीतरी आधीच असतं म्हणे. तरी मी दोन फुकट अँटिव्हायरस आणि वेगळी फायरवॉल टाकली. आता मशीन रांगतंय. काय ठेवू?

उत्तर : दोन्ही अँटिव्हायरस काढा. तुम्ही एक फाइल उघडली की दोघेही तीच तपासायला धावतात, मशीन रांगणारच. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, दुसरा अँटिव्हायरस आला की स्वतःहून बाजूला होतो. ते काढून मशीन रीस्टार्ट केलं की सहसा परत कामाला लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून तेवढी खात्री करा. घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायरवॉलही वेगळी नको. विंडोजची स्वतःची फायरवॉल २००४ पासून, म्हणजे जुन्या विंडोज एक्सपीच्या ‘सर्व्हिस पॅक २’ या सुधारणेपासून, मुळातच चालू असते. बाहेरून आगंतुक येणारी जोडणी ती अडवते. आतून बाहेर जाणारं मात्र सहसा जाऊ देते. त्यामुळे ईमेलमधली भलती फाइल तुम्हीच चालवलीत, तर फायरवॉल बिचारी काय करणार? एखाद्या प्रोग्रामला परवानगी द्यायची का, अशी खिडकी आली तर नाव वाचा. प्रिंटरचा प्रोग्राम असेल तर ‘प्रायव्हेट’वर (म्हणजे घरच्या नेटवर्कवर) खूण पुरे, ‘पब्लिक’ची (सार्वजनिक वाय-फायची) काढा.

अँटिव्हायरस जागा आहे का हे बघायचं असेल, तर आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल मिळते. ती उतरवताच आरडाओरडा झाला पाहिजे.