घरांचे व्यवहार करणारा एजंट लोकांसाठी लिहायला लागला तर काय होतं?

तुम्ही विचारलंय की, "मी नाशिकला घरं विकायचं, भाड्याने द्यायचं काम करतो. घराच्या कागदपत्रांविषयी लोकांना कळेल असं नियमित लिहावं असं मनात आहे. असं लिहिणाऱ्या एजंटांना गिऱ्हाईक वाढण्याखेरीज काय अनपेक्षित अनुभव आले?"

मी पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला हेच काम करतो. २०१९ च्या दिवाळीनंतर दुकानाच्या शटरशेजारी एक फळा लावला. तीन बाय चार फुटांचं प्लाय, त्याला काळा रंग. दर सोमवारी सकाळी त्यावर घराच्या व्यवहारातली एक गोष्ट खडूने लिहितो, आठ-दहा ओळींत. येणारे-जाणारे फोटो काढतात, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. गिऱ्हाईक वाढावं म्हणूनच सुरू केलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या वर्षी ते फारसं वाढलं नाही. बाकी बरंच घडलं.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो. बाहेर फळ्यावर जे लिहिलं, त्याने आत बोलणारी माझी जीभ बांधली गेली.

आपल्या धंद्यात घराचं माप सांगायची एक सवय असते, तुम्हालाही माहीत आहे. सेलेबल सांगायचं, म्हणजे जिना, लॉबी वगैरेचा वाटा धरून फुगवलेलं माप. त्यात हा वाढवलेला भाग, म्हणजे लोडिंग, किती हे कुणी विचारलं तरच बोलायचं. एका सोमवारी मी लिहिलं होतं, "घर बघायला जाताना एकच प्रश्न विचारा, कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, किती? रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्यात (२०१६) कार्पेटची व्याख्या दिलेली आहे. आतल्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत." पुढे दोनेक महिन्यांनी एक जोडपं आलं. धायरीचा एक रीसेल फ्लॅट दाखवायचा होता. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, "नऊशे ऐंशीचा टू बीएचके आहे, हवेशीर आहे." त्या मुलीने पर्समधून मोबाइल काढला, फोटो शोधला आणि माझ्यापुढे धरला. माझाच फळा, माझंच अक्षर. "दादा, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग कार्पेट सांगा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच माहिती हवी होती. मी ड्रॉवरमधून त्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा, काढला. त्यावर ६५.०३ चौरस मीटर होतं. कॅल्क्युलेटरवर १०.७६४ ने गुणलं, सातशे चौरस फूट आलं. नऊशे ऐंशी आणि सातशे. तिघंही काही वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. त्यांनी भाव सातशेवर लावून बघितला, ओनरला सांगितला, ओनर माझ्यावर भडकला आणि व्यवहार मोडला. त्या दिवसापासून माझ्या तोंडून सेलेबलचा आकडा आधी निघालेला नाही. मी फार मोठा नीतिमान झालो असं नाही. बाहेर लिहिलेलं आत खोटं ठरवता येत नाही, एवढंच.

भाडेकराराचंही तेच झालं. पूर्वी मीसुद्धा ओनर म्हणेल तसं स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार नोटरी करून द्यायचो. मग फळ्यावर लिहिलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (आपण ज्याला भाडेकरार म्हणतो तो) सरकारी निबंधकाकडे नोंदवणं बंधनकारक आहे, नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे लिहिल्यावर कुठल्या तोंडाने नोटरी करून देणार? चार ओनरांनी चाव्या परत नेल्या. त्यांच्याकडून दर वर्षी येणारी एकेका महिन्याची दलाली गेली.

एका बिल्डरकडच्या साइटही गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या प्रकरणात दिलेला निकाल मी लिहिला होता. इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, असा तो निकाल. त्याच आठवड्यात फोन आला, "उद्यापासून आमच्याकडे गिऱ्हाईकं आणू नका." तो काळ अवघड गेला, त्यावर जास्त लिहीत नाही. तुम्ही लिहिणार असाल तर असा फोन येईल हे धरून चाला आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे ज्यांना काहीच घ्यायचं-विकायचं नाही अशी माणसं येऊ लागली. एकदा लिहिलं होतं, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीचं नाव लावते ती वारस ठरेपर्यंतची व्यवस्था." दुसऱ्या दिवशी दुपारी साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. हातात मेडिकलची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत शेअर सर्टिफिकेट, वीजबिलं आणि नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. नवऱ्याने लग्नाआधी फ्लॅट घेतला, तेव्हा नॉमिनेशनच्या फॉर्मवर भावाचं नाव घातलं आणि नंतर कुणालाच त्याची आठवण राहिली नाही. नवरा जाऊन चार महिने झाले होते. घर आता दिराचं झालं, आपल्याला कधीही बाहेर काढतील, असं धरून त्या चार महिने राहत होत्या. दीर काही बोललेही नव्हते. यांनीच भीतीने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, नॉमिनी घर सांभाळतो, हक्क वारसांचा असतो. तुम्ही आणि तुमची मुलं वारस आहात." ओळखीच्या वकिलांकडे चिठ्ठी दिली. त्या तासभर बाकावर बसून राहिल्या, पाणी प्यायल्या, मग सगळे कागद एकेक करून पिशवीत परत भरले. जाताना म्हणाल्या, "हे एवढं सोपं कुणीतरी आधी का नाही लिहिलं?"

तो फळा आमच्या वडिलांनीही वाचला होता. मारुतीला जाताना ते दुकानावरून जातात, कधी थांबत नाहीत. त्या रात्री जेवताना चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "आपल्या घराचं काय रे?" त्यांच्या फ्लॅटला नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचं नाव होतं, आम्ही तीन भावंडं. वीस वर्षं हा धंदा करतोय, दुसऱ्यांच्या घरातल्या वाटण्या रोज ऐकतोय. पण आपल्या घरात हा विषय कधी काढला नव्हता. पुढच्या रविवारी बहीण साताऱ्याहून आली, तिघं वडिलांसमोर बसलो. बहीण आधी म्हणाली, "मला काही नको." वडील म्हणाले, "तुला काय नको ते तू नंतर ठरव, मला काय द्यायचं ते मी लिहिणार." दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र झालं. मला वाटतं, फळ्याने माझ्या घराला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. धंद्यासाठी सुरू केलेलं काम असं घरात शिरेल असं कधी मनात आलं नव्हतं.

अभ्यास वाढला, हेही सांगायला हवं. १ एप्रिल २०२१ पासून महिलांच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळू लागली. मी घाईत लिहिलं, "बायकोचं नाव घाला, एक टक्का वाचवा." संध्याकाळी निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका आले. ते माझ्या फळ्याचे नेमाने वाचक. म्हणाले, "अहो, नवरा-बायको दोघांच्या नावे घेतलं तर नाही मिळत. खरेदीदार फक्त महिला हवी. नियम अर्धा लिहू नका, माणसं पैसे मोजतात त्यावर." तिथेच खडू हातात घेऊन मी दुरुस्ती केली. तेव्हापासून मूळ शासन आदेश वाचल्याशिवाय लिहीत नाही. २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, एजंटांसाठी परीक्षा आणली, तेव्हा मला वेगळा अभ्यास फारसा करावा लागला नाही. आजूबाजूचे ब्रोकर, जे आधी "धंदा बिघडवतो" म्हणत होते, ते त्या महिन्यात दुकानात येऊन शंका विचारू लागले. त्यातले दोघं आता अवघड कागद असले की पार्टी माझ्याकडे पाठवतात.

परदेशातूनही फोन येतात. जर्मनीतल्या एका मराठी माणसाचा वारज्यात फ्लॅट. घरमालक अनिवासी असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूला त्यातून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापून सरकारकडे भरावा लागतो, हे त्याला माझ्या फळ्याच्या फोटोवरून कळलं. तो फोटो त्याच्यापर्यंत कसा गेला हे त्यालाही सांगता येईना.

फोटो असे फिरतात त्याचा एक त्रासही आहे, आणि त्याची मला अजून टोचणी आहे. करोनाच्या वर्षी सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं. मी फळ्यावर ठळक लिहिलं, "मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट." मुदतही लिहिली होती, पण खाली, बारीक अक्षरात. २०२३ मध्ये एक तरुण नोंदणीच्या दोन दिवस आधी आला. बावन्न लाखांचं घर, दुसऱ्याच एजंटकडून घेतलेलं. त्याच्याकडे त्या फळ्याचा फोटो होता, खालची ओळ कापली गेलेला. सगळा हिशेब त्याने त्यावर केला होता. एक लाख छप्पन्न हजार कमी पडत होते. त्याने चिडायला हवं होतं. तो नुसता विचारत होता, "म्हणजे आता नाही का हे?" नोंदणी पंधरा दिवस पुढे गेली, पैसे सासऱ्यांकडून घ्यावे लागले.

आता मी फळा लिहायला घेतो तेव्हा आधी अगदी मधोमध, मोठ्या अक्षरात तारीख लिहितो. आकडे आणि सवलती तिच्या वर-खाली बसवतो, म्हणजे फोटो कसाही कापला तरी तारीख कापता येत नाही. तुम्ही नाशिकला सुरू कराल तेव्हा हे पहिल्या दिवसापासून करा.