डायरेक्टरला बोलवा, मग बोला

(स्पर्धात्मक ब्रिजच्या नियमांबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न. उत्तरे डुप्लिकेट ब्रिजच्या, म्हणजे तेच पत्ते अनेक टेबलांवर खेळून तुलना करण्याच्या प्रकाराच्या, २०१७ च्या नियमावलीनुसार.)

प्रश्न : पेअर्स (जोड्यांच्या) स्पर्धेत मी १ इस्पिक बोलले, डावीकडून थेट ४ बदाम आले. पार्टनर खूप वेळ थांबला आणि पास म्हणाला. उजवीकडूनही पास. मी ४ इस्पिक बोलले आणि त्यासाठी लागणाऱ्या बरोबर दहा ट्रिक (चार पत्त्यांच्या फेऱ्या) झाल्या. डायरेक्टरने, म्हणजे स्पर्धेच्या पंचाने, मात्र मी पास केले असते असे धरून निकाल प्रतिस्पर्ध्यांच्या ४ बदामवर नेला. माझ्याकडे सहा इस्पिक होती! पार्टनरने विचार करणे हा गुन्हा आहे का? आणि बदललेला स्कोअर कसा ठरतो?

उत्तर : नाही. विचार कितीही करावा, त्याला दंड नाही. अडचण पुढे येते. पार्टनर थांबला ही माहिती तुम्हाला बोलीतून नाही, त्याच्या थांबण्यातून मिळाली, आणि कलम १६ नुसार ती तुम्हाला वापरता येत नाही. पार्टनर रिकाम्या हाताने चाळीस सेकंद थांबत नसतो. डबल द्यावा (प्रतिस्पर्ध्यांची बोली दुपटीवर न्यावी) की ४ इस्पिक बोलावे, अशाच पेचात तो असणार. दोन्हींत त्याच्याकडे काहीतरी आहे, म्हणजे तुमचे बोलणे आधीपेक्षा सुरक्षित झाले.

आता तुमचे पत्ते : इस्पिक एक्का-राणी-गुलाम-९-७-३, बदाम ८, चौकट राजा-८-२, किलवर एक्का-६-४. डायरेक्टर हे पत्ते तुमच्याच तोडीच्या चार-पाच खेळाडूंना दाखवतो, बोली सांगतो, थांबण्याचा उल्लेख करत नाही आणि विचारतो, काय बोलाल? त्यांतल्या बऱ्याच जणांनी पासचा गंभीरपणे विचार केला आणि काहींनी खरोखर पास केला, तर पास हा ‘रास्त पर्याय’ ठरतो. रास्त पर्याय समोर असताना थांबण्याने सुचवलेली बोली निवडता येत नाही. मोठ्या पत्त्यांचे १४ पॉइंट आणि ६-१-३-३ अशा वाटणीवर पास करणारे नक्कीच निघतील. डायरेक्टर बरोबर होता, असे आमचे मत आहे. हातात इस्पिक एक्का-राणी-गुलाम-९-७-३-२, बदाम नाही, चौकट राजा-राणी-८-२ आणि दोन बारीक किलवर असती, तर पासचा विचारही फारसा कोणी केला नसता आणि ४ इस्पिक टिकले असते.

एक तपशील बरेच जण विसरतात. डावीकडून उडी मारून (मधल्या पायऱ्या गाळून) बोली आली की स्टॉप कार्ड (उडीची सूचना देणारे) असो-नसो, पुढच्याने साधारण दहा सेकंद थांबायचेच असते. प्रत्येक वेळी तेवढे थांबले की त्या दहा सेकंदांतून कोणालाच काही कळत नाही. याउलट रिकाम्या हाताने अर्ध्या सेकंदात केलेला पासही माहितीच देतो.

प्रतिस्पर्ध्यांनी काय करायचे? तिथल्या तिथे, आवाज न चढवता, ‘थांबलात हे मान्य ना?’ एवढे विचारायचे. मान्य असेल तर खेळ पुढे. मान्य नसेल तर लगेच डायरेक्टर, कारण तासाभराने कोणाचेच घड्याळ जुळत नाही.

बदललेल्या स्कोअरबद्दलही तुम्ही विचारले आहे. ४ बदाम दहापैकी सहा वेळा झाले असते आणि चार वेळा एक ट्रिक कमी पडली असती, असे डायरेक्टरला वाटले, तर तो ६०–४० असा मिश्र निकाल देतो. व्हल्नरेबल असताना (म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असताना) ६२० आणि उणे १०० या दोन्ही निकालांचे मॅचपॉइंट (इतर टेबलांशी तुलना करून मिळणारे गुण) आधी वेगवेगळे काढायचे आणि मग त्या प्रमाणात मिसळायचे. थेट गुणांची सरासरी काढली तर ३३२ येते. हा आकडा कुठल्याच टेबलावर येऊ शकत नाही, आणि त्यावरून केलेली तुलना चुकते.

प्रश्न : पार्टनर १ नोट्रम्प (हुकमाशिवाय; १५–१७ पॉइंट) बोलला. मी २ बदाम बोललो. हातात सहा बदाम आणि चार पॉइंट. प्रतिस्पर्ध्याने विचारल्यावर पार्टनर म्हणाला, ‘ट्रान्सफर, पाच इस्पिक.’ म्हणजे एक रंग बोलून त्याच्या वरचा दाखवायचा. तेव्हा मला आठवले की आमचे तसे ठरले होते. पार्टनर २ इस्पिक बोलला. मी माझी चूक लगेच सांगायला हवी होती का?

उत्तर : अजिबात नाही. प्रतिस्पर्ध्यांचा हक्क तुमच्या जोडीच्या करारावर आहे, तुमच्या पत्त्यांवर नाही. करार ट्रान्सफरचा होता आणि पार्टनरने तोच सांगितला. विसरलात तुम्ही. तोंड उघडलेत तर उलट पार्टनरला मदत होईल.

पण पार्टनरच्या उत्तरामुळे तुम्ही जागे झालात, आणि ती जाग वापरायची नाही. ते उत्तर कानावर पडलेच नाही असे समजून खेळायचे. तुमच्या डोक्यात २ बदाम ही थांबायची बोली होती. त्यावर पार्टनर २ इस्पिक बोलला, तर त्याचा अर्थ फार तर ‘बदामांना भक्कम पाठिंबा, इस्पिकमध्ये ताकद’ असा लागेल. मग तुमची बोली ३ बदाम. २ इस्पिकवर गुपचूप पास करणे म्हणजे उत्तराचा फायदा घेणे. ३ बदामवर पार्टनर तुमच्याकडे दोन रंग आणि गेमची (मोठे बक्षीस मिळवणाऱ्या बोलीची) ताकद धरेल, गाडी रुळावरून उतरेल, तरी ती तशीच जाऊ द्यायची. कधी कधी मात्र पुढची बोली इतकी अशक्य असते की उत्तर न ऐकताही चूक कळली असती. तेव्हाच सुटका.

आता उलटी बाजू. करार नैसर्गिक २ बदामाचा असता आणि पार्टनरने चुकून ट्रान्सफर सांगितले असते, तर प्रतिस्पर्ध्यांना चुकीची माहिती मिळाली असती. तरीही बोली चालू असताना तुम्ही गप्पच. शेवटी तुमची बाजू खेळणार असेल, तर शेवटच्या पासनंतर आणि पहिली लीड (पहिल्या ट्रिकचा पहिला पत्ता) पडण्याआधी डायरेक्टरला बोलावून खरा करार सांगायचा. तुम्ही बचावात असाल, तर डाव पूर्ण खेळून झाल्यावर. पहिली लीड आधी पालथी ठेवतात, ती याचसाठी. ती उलटेपर्यंत शंका विचारता येतात आणि डायरेक्टर परवानगी देईल तर पत्ता परत घेता येतो. चुकीच्या माहितीवर ज्याने शेवटचा पास केला, त्याला तोही बदलता येतो. अट एवढीच की त्याच्या पार्टनरने त्यानंतर काही बोललेले नसावे.

चूक बोलीतली की उत्तरातली, हे डायरेक्टर कन्व्हेन्शन कार्डवरून (जोडीचे करार लिहिलेल्या कार्डावरून) ठरवतो. कार्ड कोरे असेल आणि दुसरा पुरावा नसेल, तर उत्तर चुकले असेच धरले जाते. कार्ड नीट भरायला दहा मिनिटे लागतात. आणि हो, तुम्ही दर महिन्याला हे ट्रान्सफर विसरत असाल, तर ते विसरणेही कराराचा भाग होते आणि पार्टनरने तेही सांगायला हवे.

प्रश्न : पार्टनर २ नोट्रम्प बोलला. तो १ नोट्रम्प आहे असे समजून मी २ चौकट (ट्रान्सफर) ठेवले. डायरेक्टर म्हणाले, ३ चौकट करा आणि पुढे चला. शेजारच्या टेबलावर १ इस्पिकवर एकाने १ बदाम ठेवला, तेव्हा त्याच्या पार्टनरला शेवटपर्यंत पास करावे लागले. आम्हाला वेगळा न्याय का?

उत्तर : नियम एकच, कलम २७. अपुरी, म्हणजे आधीच्या बोलीपेक्षा वरची नसलेली, बोली आली की पहिला हक्क डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याचा. ती चालवून घेऊन तो पुढे बोलू शकतो. त्याने नाकारली, तर बोली दुरुस्त करायची. तुमच्या २ चौकटचा अर्थ बदाम, ३ चौकटचा अर्थही बदाम. त्याच रंगाची सर्वांत खालची पुरेशी बोली झाल्यामुळे पार्टनरवर बंधन आले नाही. शेजाऱ्याला २ बदाम बोलून असेच सुटता आले असते, पण त्याच्याकडे चारच बदाम आणि सात पॉइंट असणार. तो १ नोट्रम्प बोलला असेल. चार बदाम दाखवणारी बोली आणि सहा ते नऊ पॉइंट दाखवणारी बोली तुल्य (साधारण एकाच अर्थाच्या) नाहीत, म्हणून पार्टनरची बोली बंद. शिवाय ते बचावात गेले, तर त्या पार्टनरला पहिल्या लीडच्या वेळी, त्याच्या जोडीदाराने बोलीत न दाखवलेला कुठलाही एक रंग खेळायला डिक्लेरर (बोली जिंकून डाव खेळणारा) मनाई करू शकतो.

खरा घोळ ‘अहो, ही अपुरी!’ असे कोणी ओरडल्यावर होतो. माणूस घाबरून हाताला येईल ते कार्ड लावतो, आणि डावीकडच्याने मूळ बोली चालवून घेतली नाही तर तीच घाईची दुरुस्ती त्याच्या गळ्यात पडते. हात टेबलावरून काढा. डायरेक्टर आधी बाजूला नेऊन विचारेल की बोटांनी चुकीचे कार्ड ओढले की मनातच चुकीचे होते. बोटांची चूक असेल आणि पार्टनर अजून बोलला नसेल, तर ती फुकट सुधारता येते.

प्रश्न : ४ इस्पिकमध्ये डिक्लेररच्या नऊ ट्रिक झाल्या. पूर्वेने सहाव्या ट्रिकला बदाम असूनही हुकूम मारला आणि ट्रिक घेतली. नंतर त्यांना आणखी एक मिळाली. डायरेक्टरने अकरा लिहिल्या. दोन कशा?

उत्तर : रिव्होक करणाऱ्याने (मागितलेला रंग असून दुसरा टाकणाऱ्याने) स्वतः ती ट्रिक जिंकली, तर ती जाते आणि तिच्यानंतर त्यांच्या बाजूने घेतलेल्यांपैकी आणखी एक जाते. नऊ अधिक दोन, अकरा. पूर्वेने बदामावर चौकट टाकली असती, किंवा ती ट्रिक त्याच्या पार्टनरने घेतली असती, तर एकच गेली असती. रिव्होकपासून पुढे त्यांना एकही ट्रिक नसेल, तर काहीच जात नाही. आधीच्या पाच ट्रिकांना हात लागत नाही. खरे नुकसान याहून मोठे असेल, उदाहरणार्थ डमीतल्या (डिक्लेररच्या पार्टनरच्या उघड्या पत्त्यांतल्या) तयार किलवरांकडे जायची वाटच बंद झाली, तर डायरेक्टर भरपाई वाढवतो.

निकालावर एकमत होईपर्यंत पत्ते क्रमाने समोर ठेवा, पिसू नका. पुढच्या बोर्डावर, म्हणजे पुढच्या डावात, तुमच्यापैकी कोणी बोलीला सुरुवात केल्यावर रिव्होक आठवला, तर या आपोआप मिळणाऱ्या ट्रिक गेल्या. मग फक्त प्रत्यक्ष नुकसानाची भरपाई मिळते.

प्रश्न : मल्टी २ चौकट (बदाम किंवा इस्पिक यांपैकी एका रंगातला कमजोर हात दाखवणारी पहिली बोली) आमच्या क्लबात बंद आहे, पण बाहेरच्या स्पर्धेत चालते. असे कसे?

उत्तर : पद्धतींवर बंधन घालण्याचा अधिकार आयोजकांचा आहे. जागतिक महासंघाच्या धोरणात २ किलवर ते ३ इस्पिक यांपैकी ज्या ओपनिंगमध्ये (पहिल्या बोलीत) कमजोर हात असू शकतो आणि ठरलेल्या एका रंगात चार पत्त्यांची खात्री नसते, त्या ब्राउन स्टिकर (बंधन घालता येणाऱ्या पद्धतींच्या) गटात जातात. मल्टीला त्यातून मुद्दाम सूट दिली आहे. क्लबाला ती देण्याचे बंधन नाही. स्पर्धेचे नियमपत्रक नाव नोंदवण्याआधीच मागून घ्या.